लिंबी की सोनसळी

सांगतो, पण हसायचं नाही. प्रश्न दोन पिवळ्यांचा होता. बाळाच्या खोलीला मला सोनसळी हवा होता. बायकोला पहिल्यापासून लिंबी आवडायचा, पण आता तिला ती खोलीच नको होती. तीन वर्षांपूर्वी तिथे पाळणा मांडला होता. मुलगी जन्मली, पण रडलीच नाही. आता पुन्हा आठवा महिना लागला, तरी बायको त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हती.

पेंटरकाकांनी भिंतीवर दोन पट्टे ओढले, एक लिंबी, एक सोनसळी.

"सोनसळीच करून टाका," मी म्हणालो.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! ओला रंग फसवतो, साहेब. सुकू द्या, मग ठरवा." दार ओढून घेऊन ते जिन्यात डबा खायला बसले. मी दाराबाहेर खुर्ची टाकली.

भर दुपार होती, घर सामसूम. रंगाचा ओला वास येत होता. तेवढ्यात आतून आवाज आला. सर्र... सर्र... ब्रश फिरल्यासारखा. मग कुणीतरी खुदकन हसलं. मी ताडकन उठलो.

"काका...?"

काका जिन्यातून घास चावतच आले. आम्ही दार उघडलं. आत कुणी नव्हतं. लिंबी रंग मात्र भिंतभर पसरला होता, जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत. त्याच्या वर एक थेंबही नाही.

काकांनी वाकून पाहिलं. "हे फटकारे डाव्या हाताचे... घरात डावरं कोण?"

"मी," मागून बायको म्हणाली. तिला तर त्या दिवसांत वाकताही येत नव्हतं.

ती सरळ आत आली. रंगाच्या कडेवर, पोरीच्या डोक्यावर ठेवावा तसा तिने तळवा धरला.

"एवढी झाली असती ना रे...?"

ती रडली, आणि मग रडतारडता हसायलाच लागली. "लिंबीच निवडला बघ! अगदी आईवर गेलीय!"

मायलेकी एक झाल्यावर माझं काय चालणार? खोली लिंबी झाली. इतका आनंद आमच्या घरात मी कधी पाहिला नव्हता.

मुलगा आता चालायला लागलाय. त्या भिंतीकडे बघून तो एकटाच खिदळतो. काकांनी भिंतीवर रंगाचे तीन हात मारले, तरी ती कड पुन्हा उमटतेच.

काल मोजली. चार बोटं वर सरकलीय.