सौरवला ऊन लागलं नव्हतं!

"उद्या पहाटे फुटाळा तलाव! सायकलींमध्ये हवा भरून ठेवा!" शेजारच्या ऋषिकेशने फर्मान सोडलं. सौरवने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पायल, आज कोणता वार हाये वं?"

"शुक्रवार! आत्ताच सांगितलं ना?" पायल हसली. पण मघापासून तो हेच विचारत होता! तिचं हसू ओसरलं.

सौरव तिचा आतेभाऊ, भिवापूरहून सुट्टीला आलेला. दुपारी तिची सायकल घेऊन बर्फगोळा आणायला गेला आणि पायीच परतला. आल्याआल्या त्याला भडाभडा उलटी झाली. आता तर डोळेही मिटायला लागले होते.

पायलच्या बाबांनी, मनोहररावांनी, तिथल्या तिथे निदान केलं. मे महिन्यात नागपुरात पाय मुरगळला तरी माणसं उन्हालाच दोष देतात!

"ऊन लागलं त्याले. खिशात कांदा ठेव, पन्हं पाज अन् झोपू दे," असं म्हणून ते कूलरसमोर आडवे झाले.

पायलने सौरवच्या कपाळाला हात लावला. गार!

"ऋष्या, ऊन लागलं तर अंग तापते ना? अन् माझी सायकल कुठाय?"

दोघं भर उन्हात धावत सुटले. कोपऱ्यावर नालीसाठी खोदलेल्या खड्ड्यात सायकल उलटी पडली होती. हेल्मेट हँडललाच लटकत होतं.

"म्हणजे हा डोक्यावर..." ऋषिकेशला पुढे बोलवेना.

घरी येऊन पाहतात तो सौरव गाढ झोपलेला! गदागदा हलवलं, तर नुसता काहीतरी पुटपुटला. कानामागे भलंमोठं टेंगूळ होतं.

"बाबा, उठा! तो डोक्यावर पडला हाये!"

"पोरं पडतातच वं! या उन्हात कुठं नेऊ? संध्याकाळी पाहू." बाबांनी कूस बदलली.

संध्याकाळी? आणि तोवर तो उठलाच नाही तर? पायलने हळूच बाबांचा फोन उचलला, न्हाणीघरात शिरून कडी लावली आणि १०८ फिरवला. ऋषिकेश वाट दाखवायला चौकात पळाला.

सायरन दारात थांबला, तसे बाबा दचकून उठले. "कोणाकडं आली वं ही?"

"आपल्याकडं, बाबा!"

ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांनी सौरवच्या डोळ्यांत टॉर्च मारला आणि ते एकच शब्द बोलले, "लवकर!"

धंतोलीच्या दवाखान्यात कळलं, कवटीच्या आत रक्त साचून मेंदूवर दाब येत होता. लगेच ऑपरेशन करावं लागलं. बाहेर बाकड्यावर पायल आणि ऋषिकेश भीतीने गोठून बसले होते.

"थोडक्यात वाचला," बाहेर येऊन मोठे डॉक्टर म्हणाले. "डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी, तेच तेच विचारणं, हे दिसलं की घरी थांबायचं नसतं. शाबास पोरांनो!"

बाबांनी पायलच्या डोक्यावर हात ठेवला. "मी झोपलो पोरी. तू होती म्हणून पोरगं वाचलं."

"पण तो मले ओळखेल ना, बाबा?"

रात्र कशीबशी सरली.

सकाळी सौरवने डोळे उघडले. डोक्याला पांढरी पट्टी होती. तो पायलकडे पाहत राहिला, पाहतच राहिला. तिचा जीव टांगणीला लागला, डोळे भरून आले.

"काहून रडून राहिली वं, पायल?"

तेव्हा कुठे ती खरोखर हमसून हमसून रडायला लागली.