केतकीने सोडलेली निळी रेषा

एकाच वळणावर, एकाच फेरीत पाच गाड्या घसरल्या. पाचही जणांनी नेमकी तीच वाट धरली होती, जी तिथे सर्वांत वेगवान ठरली होती. मग सर्वांत चांगल्या वाटेवरच सगळे का आपटले? थोडं डोकं खाजवा. तोवर केतकी पोवारची गोष्ट ऐका. आज ती मोटारशर्यतीची जगज्जेती आहे. त्या दिवशी मात्र ती तेरा वर्षांची होती आणि तिला कुणी खिजगणतीतही धरत नव्हतं.

सन २०५१. कोल्हापूरजवळच्या एका ट्रॅकवर मुलं कार्ट (शर्यतीची छोटी, उघडी गाडी) चालवायला शिकत. त्यांच्या हेल्मेटच्या काचेवर एक निळी रेषा उमटायची. क्लबच्या संगणकाने असंख्य फेऱ्या तपासून ती आखली होती. तिच्यावरून चाकं फिरवायची, की झालं. याला गाडी चालवणं म्हणायचं की अक्षर गिरवणं, हे तुम्हीच ठरवा. प्रशिक्षक देशिंगे सरांची मात्र त्या रेषेवर गाढ श्रद्धा होती.

केतकीला रेषा सोडायची खोड. म्हणून निवडीच्या शर्यतीच्या दिवशी सरांनी सकाळीच दम भरला, "आज रेषा सोडलीस तर पुढच्या मोसमात तुला गाडी मिळणार नाही!" पहिला नंबर येईल त्याला राष्ट्रीय स्पर्धेत जायला मिळणार होतं.

सकाळपासून पावसाची झड लागली होती. बाकीची मुलं शेडखाली गरम भजी हाणत होती. पूर्वी शर्यतीआधी सगळे जण ट्रॅक पायी फिरून बघत. निळी रेषा आली आणि ती रीत बंद पडली.

"घाशा, चल की रं. ट्रॅक चालून बघून येऊ," केतकी म्हणाली. घाशा म्हणजे ट्रॅकची तपासणी करणारा जुना रोबो. पोटाखालचं चाक जमिनीवर घासून तो मोजमाप करायचा, म्हणून पोरांनी त्याचं हे नाव पाडलं होतं.

मोठ्या वळणावर डांबरावर काळाभोर पट्टा होता. निळी रेषा नेमकी तिथूनच जायची. केतकीने त्यावर पाय टाकला आणि दाणकन बसलीच.

"आई गं! ह्यो तर तेल वतल्यागत हाय!"

घाशाने चाक टेकवलं. "तेल नाही, रबर आहे. इथे घर्षण (दोन वस्तू एकमेकींवरून सरकताना होणारा विरोध, ज्यामुळे चाकाला पकड मिळते) फार कमी आहे."

"रबरानं तर पकड वाढती की!"

"कोरड्यात वाढते. रस्ता ओला झाला की उलटं होतं. डांबरी रस्त्यावर बारीक खाचा असतात. पाणी त्यांत उतरतं, खडीची टोकं वर राहतात आणि टायरला धरून ठेवतात. इथे रोजच्या गाड्यांच्या टायरांचं रबर झिजून त्या खाचा बुजल्या आहेत. पाण्याला उतरायला जागा नाही. मग ते पापुद्र्यासारखं वरच पसरतं आणि टायर त्यावरून सरकतो."

केतकी वळणाच्या बाहेरच्या, खरखरीत भागावर गेली. तिने जोरात पाय आपटला. पाय जागचा हलला नाही.

"मग रेषा हितनं का न्हाई?"

"ती कोरड्या दिवसांच्या फेऱ्यांवरून आखली आहे. पावसात क्लब सराव बंद ठेवतो, निवडीची शर्यत मात्र ठरल्या दिवशीच होते. पण ही वाट लांब पडेल, केतकीताई."

"पडू दे! गाडी रस्त्यावर तर ऱ्हाईल न्हवं?"

तिने धावत जाऊन सरांना सांगितलं. सर म्हणाले, "संगणकापेक्षा तू शहाणी? सकाळी काय सांगितलंय, लक्षात आहे ना?"

"हाय लक्षात," केतकी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रागही आला होता. गाडी गेली तर तिचं सगळंच जाणार होतं. तरी तिने हेल्मेट चढवलं.

शर्यत सुटली. पुढच्या पाच गाड्या निळ्या रेषेने वळणात शिरल्या आणि भोवऱ्यासारख्या गरगरत कडेच्या टायरांच्या भिंतीवर आदळल्या. नशीब, कुणाला खरचटलंही नाही. केतकी बाहेरून वळली. हेल्मेटमध्ये लाल दिवा लुकलुकला आणि यंत्र ओरडू लागलं, "रेषा सोडली! रेषा सोडली!" तिने बटण दाबून त्याचं तोंडच बंद केलं. उरलेले भीत भीत, हळूहळू काळ्या पट्ट्यावरून जात होते. केतकीने प्रत्येक फेरीत बाहेरून एकेकाला मागे टाकलं आणि पहिली आली.

देशिंगे सर चिखल तुडवत आले.

"गाडी काढून घेणार हुतासा न्हवं, सर?"

सर ओशाळले. "चुकलंच माझं. उद्यापासून सगळ्यांच्या काचेवर तुझीच रेषा टाकतो."

"अजिबात नको!" केतकी ठसक्यात म्हणाली. "उद्या ऊन पडलं तर माझ्या लांबच्या वाटंनं सगळीच मागं पडतील. रस्ता बदलला की रेषा बदलायची."

मग ती घाशाकडे वळली. "राष्ट्रीय स्पर्धेचा ट्रॅक कसा असंल रं?"

"माझ्याकडे माहिती नाही."

"झ्याक!" केतकी हसली. "मग मजा येतीया बघ."