ओठ हलवायचे नाहीत!

"अहो, चालत राहा ना... प्लीज, थांबू नका!"

अबोली गर्रकन वळली. हरिपूरच्या घाटावर, टळटळीत दुपारी, ट्रायपॉडमागून एक उंच मुलगा हातवारे करत होता.

"का? नदी तुमची आहे?"

"नाही हो... पण थांबलात तर फोटोत याल. चालणारी माणसं यात उमटतच नाहीत."

"म्हणजे मी दिसणारच नाही? मी?"

मिरजेच्या हॉस्पिटलात जिचं हसू वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जातं, त्या नर्सला असं सांगायचं! ती तडक त्याच्याजवळच जाऊन उभी राहिली. तो अवधूत. सांगलीचा. कॅमेऱ्यापुढे त्यानं एक काळीकुट्ट काच लावली होती.

"हिच्यातून उजेड थेंबथेंब आत येतो. शटर चार मिनिटं उघडं ठेवायचं. मग लाटा पुसल्या जातात, कृष्णा सायीसारखी दिसते..."

बोलत होता नदीबद्दल, पण कान मात्र लाल झाले होते त्याचे!

मग दर रविवारी अबोलीचं घाटावर काहीतरी काम निघू लागलं. कॅमेऱ्यात मागून उजेड शिरू नये म्हणून ती आपली ओढणी त्याच्यावर धरायची. वारा सुटला की छत्री आडवी करायची. अवधूत ढगांबद्दल भरभरून बोलायचा... स्वतःबद्दल मात्र एक अक्षर नाही.

आणि एका रविवारी तिनं सांगून टाकलं, "मेढ्याला बदली झाली माझी. उद्याच निघतेय."

तो ट्रायपॉडचा स्क्रू उगाच पिळत राहिला. बोल ना रे... काहीतरी बोल!

"आज तुम्ही उभ्या राहाल? फोटोत?"

"मी? आणि न हलता?"

"अजिबात नाही. ओठसुद्धा हलवायचे नाहीत."

ती शेवटच्या पायरीवर उभी राहिली. पाणी बोटांना गुदगुल्या करत होतं. काळी काच लागली. क्लिक!

आणि कॅमेऱ्यामागून आवाज आला, "अबोली... मला तुम्ही आवडता."

धडधड, धडधड! आणि हिला हलायची चोरी!

"खूप आवडता. तुम्ही गेलात की मी इथं एकटा ढग बघत बसणार... मला नाही जमणार ते."

"आवं फोटूवालं!" नावेतून नावाडी धुळामामा ओरडला. "झालं का न्हाई? मान्सं खोळंबल्यात हितं!"

"मामा, जरा थांबा हो!"

अबोलीचे डोळे भरून आले, पण तिनं पापणीसुद्धा हलू दिली नाही. शेवटी एकदाचं क्लिक झालं, आणि ती दाणदाण पायऱ्या चढून वर आली.

"फोटो बघता?"

"फोटो राहू दे! एवढ्या लांबून माझे ओठ हलले असते, तर दिसले असते?"

त्यानं मान खाली घातली. "नाही."

"मग?"

"तुम्ही मधेच 'नाही' म्हणाला असतात... तर पुढचं बोलायचा धीरच झाला नसता."

तिला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की नावेतली माणसंही वळून बघायला लागली.

"मेढ्यालाही नदी आहे, वेण्णा. आणि रविवारी मला सुट्टी."

"म्हणजे...?"

"म्हणजे हो, अरे! येशील ना?"

ती रस्त्याकडे निघाली. अवधूत तिच्या शेजारून, तिच्याकडेच बघत, ठेचकाळत चालू लागला.

मागून धुळामामाचा आवाज आला, "आवं सायेब! क्यामेरा ऱ्हायला की तुमचा!"