दामूचं विरजण

मंगळावरच्या प्रयोगशाळेत हिराजी तांडेल स्टुलाच्या कडेवर बसला होता.

"तेल खरं आहे का, एवढंच सांगा मॅडम. दामूच्या बायकोला काहीतरी कळवायला हवं."

दामू त्याचा धाकटा भाऊ. दुसऱ्या तेलविहिरीवर पाइपाखाली सापडून गेला, त्याला आठ दिवस झाले होते. त्याच्याच पाळीत वर आलेला काळपट नमुना आता डॉ. केतकी सबनीसांच्या यंत्रात होता. ते खनिज तेल निघालं, तर विहिरीला दामूचं नाव. नाहीतर विहीर बुजवायची.

"ही उंच टोकं ओलेफिन या रसायनाची," केतकीने आलेखावर बोट ठेवलं. "खनिज तेलात ती सहसा नसतात. हे विहीर खणताना आत सोडतो ते आपलं वेधनद्रव."

"मड," हिराजीने दुरुस्ती केली.

"मड. पण ही बारकी टोकं होपेनची. ही जीवखूण, मेलेल्या जिवाणूंमागे उरते. आपलं मड इथल्या हवेपासून बनवलेलं. सीलबंद पिंपातलं तपासलं, त्यात होपेन शून्य. म्हणजे हे खालूनच आलं. तांडेल, तेल खरं आहे!"

हिराजीने डोळे पुसले. मग आलेख नीट न्याहाळला.

"यात विरजणाचं टोक कुठलं?"

"कसलं विरजण?"

"टाकीतल्या मडमध्ये घालतो ते. जुन्या विहिरीचं तेल, चमचाभर. त्याशिवाय नवी विहीर लागत नाही. दामूने उरणहून बाटली आणलेली. सामानाच्या यादीत 'खोकल्याचं औषध' लिहून."

हिराजीने खिशातून काढून दिलेल्या बाटलीतला थेंब केतकीने यंत्रात सोडला. दोन्ही आलेखांतली होपेनची टोकं एकावर एक बसली. फरक केसाएवढाही नाही.

"बोलला नसतात, तर कुणाला कळलं नसतं," ती हळूच म्हणाली.

"दामूनेच जेवणापर्यंत सगळ्या तळाला सांगितलं असतं. त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही."

केतकी एकदम ताठ बसली. नऊ वर्षांपूर्वी पहिल्या विहिरीत असंच होपेन सापडलं होतं. मंगळावर जीव होते, हे त्यावरूनच ठरलं. शाळेच्या पुस्तकात धडा आला. चार हजार माणसं घरदार सोडून इथे आली. दुसरी विहीर खणायला घेतली तीही त्याच भरवशावर.

"पहिल्या विहिरीवर कोण होतं?"

"आम्हीच दोघं."

"तेव्हाही चमचाभर?"

"छे. पहिलीच विहीर म्हणून दामूने अर्धी बाटली ओतली," हिराजी म्हणाला. "आणि तेल लागलं म्हणून सगळ्यांत जास्त नाचलाही तोच."