सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर

त्र्याऐंशी सालची गोष्ट. धनत्रयोदशीच्या दुपारी मी पंचवटीत बंब आणायला गेले होते, काम एवढंच. सिडकोतल्या नव्या घरी सामान हलवताना आमचा तांब्याचा बंब जुन्या खोलीच्या जिन्याखाली राहून गेला होता. बंब माझ्या सासूचा. नाव बयाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या श्रावणात गेल्या आणि घराची किल्ली आश्विनात हातात आली. चार बिऱ्हाडांच्या एका मोरीत गोणपाटाच्या पडद्याआड घाईघाईनं अंग विसळण्यात त्यांचा जन्म गेला. न्हाणीघराला दार असावं आणि दाराला आतून कडी, एवढं एकच त्यांचं मागणं होतं. दवाखान्यातसुद्धा मला विचारत होत्या, "कडी आतून हाय ना गं?" घर मात्र त्यांनी पाहिलं नाही. मला ते फार लागलं होतं.

जिन्याखाली गेले, तर बंबाशेजारी चांगुणा बसलेली. नऊ वर्षं आमची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. तिचा नवरा सहादू ज्या कारखान्यात होता तो पाच महिने बंद पडलेला. भाडं थकलं म्हणून घरमालकानं खोलीला कुलूप घातलं होतं. दोन मुली, तीन बोचकी आणि ही. सहादू काम शोधत फिरत होता.

"मनमाडला भावाकडं जातो," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

तिच्या भावजयीनं गेल्या दिवाळीत तिला भरल्या ताटावरून उठवलं होतं. ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही.

"बंब माझ्या एकटीच्यानं उचलत नाही," मी म्हटलं. "चल, हात लाव."

सहादूला निरोप ठेवून आम्ही रिक्षा केली. रिक्षावाला मागं वळून म्हणाला, "बाई, पाच सवारी नाय बसवता येणार." मी त्याला चांगलंच झापलं. आम्ही दोघी आणि दोन पोरी, चार होतो. त्यानं पुन्हा एकदा मागं पाहिलं, बंबाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं गाडी चालू केली.

आमच्याकडे यंदा तळण नव्हतं. घरातलं माणूस गेलं की पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. शेजारीपाजारी फराळ देतात, पण आमच्या दोन्ही बाजूंची घरं अजून रिकामी होती. दुखवट्याच्या घरी आपण पोरीबाळी घेऊन आलो याची चांगुणाला फार लाज वाटली.

"कढई माझी आणि हात तुझा," मी तिला सांगितलं. "तुझ्याकडं थोडंच कोणी गेलंय?"

मग मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसले आणि तिथून नुसती हुकूम सोडत राहिले. चांगुणा करंज्या तळत होती. धाकटी सुला नाकाला पीठ लावून फिरत होती. आमचे धोंडीराम श्रावणापासून हसले नव्हते, ते कढईतली करंजी पळवायला गेले आणि जीभ भाजून घेऊन नाचले. पोरी पोट धरून हसल्या. संध्याकाळी सहादू आला तो घरात शिरेना, दारातच उभा राहून नुसता ऐकत होता. इतक्या दिवसांत त्या कोऱ्या भिंतींना पहिल्यांदा माणसांचा आवाज लागत होता, आणि मला भरून आलं.

तेवढ्यात वास आला. तुपाच्या वासातून दुसरा, कडवट. तव्यावर मिश्री भाजल्याचा. आत्याबाई रोज सकाळी दातांना लावायला भाजायच्या तसा. आमच्या घरात आता मिश्री कोणीच लावत नव्हतं.

तिथीमुळे त्या वर्षी पहिली आंघोळ एक दिवस पुढं गेली होती. दुसऱ्या दिवशी रात्री निजताना चांगुणा हळूच म्हणाली, "लताबाई, उद्या पोरींच्या आंघोळी झाल्या की पहिल्या गाडीनं जातो आम्ही."

"त्या भावजयीच्या दारात?"

बोचकी बांधून दाराशी ठेवलेली होती. भाड्यापायी कुलूप लावलं ते परकं माणूस होतं, पण तिथं पोरींच्या देखत पुन्हा ताटावरून उठायची वेळ आली तर ही बाई खचेल, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

पहाटे अंधारात मी मागच्या अंगणात बंब पेटवला. थंडी बोचत होती. समोर अर्धवट बांधलेल्या घरांच्या ओळी आणि धूर, दुसरं काही दिसत नव्हतं. आत्याबाईंचा शिरस्ता असा, की आधी पाहुणे, मग घरचे, आणि सगळ्यांचं झाल्यावर त्या. पण प्रत्येकाच्या पाठीला उटणं त्याच लावायच्या. चांगुणाला आई नाही म्हणून तिच्याही. उजव्या हाताला करंगळी नव्हती त्यांच्या, लहानपणी कडबा कापताना गेलेली. त्या चार बोटांच्या हातात मात्र भारी जोर होता.

पोरी झाल्या, पुरुष झाले. मग चांगुणा आत गेली आणि तिनं कडी लावली. मी पुढच्या खोलीत सुलाची वेणी घालत बसले. आत पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला... बराच वेळ थांबला. आणि चांगुणाचा दबका आवाज आला, "असू द्या... असू द्या आता..."

माझे हात वेणीतच राहिले.

कडी निघाली. चांगुणा ओल्या केसांनी बाहेर आली. अंगावर काटा होता, पण चेहरा असा मोकळा, की पाच महिन्यांत तसा कुणी पाहिला नसेल.

"लताबाई... बोचकी सोडते मी."

"का गं?"

"जायचं नाय म्हणत्यात."

"कोण... म्हणतंय?"

ती गाठी सोडायला गेली. बोचक्याशी वाकली तेव्हा तिचा पदर सरकला. पाठीवर उटणं धुवायचं राहिलं होतं. पंजा स्पष्ट उठला होता, अंगठा आणि तीन बोटं.

मग मी आंघोळीला गेले. खरं सांगते, कडी न लावता, दाराकडे पाठ करून बसले आणि वाट पाहिली. पाठीला कोणाचा हात लागला नाही. भीती राहिली बाजूला, मला रागच आला. पाहुणीचे लाड आणि सुनेची पाठ कोरडी. जिवंतपणीही हेच चालायचं.

उजाडता उजाडता आम्ही सगळे पुढच्या खोलीत फराळाला बसलो. सहा ताटल्या, सहा माणसं. सहादू गेल्या दिवाळीनंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसला असेल. आणि मागं न्हाणीघराचं दार लागलं. कडी सरकली.

तांब्या बुडाल्याचा आवाज आला. मग पाणी.

"आत कोण आहे?" धोंडीरामांनी अगदी हळू विचारलं. एकेका तोंडाकडे पाहून त्यांनी मोजलं. "आपण तर सगळे..."

"बसा," मी म्हटलं. "सगळ्यांचं झालंय. आता त्यांचं होऊ द्या."

कोणी उठलं नाही. पाणी ओतल्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता, सावकाश, जराही घाई नसल्यासारखा. चांगुणानं एकदा मागच्या दाराकडे पाहून हात जोडले. मग सुलानं दुसरी करंजी मागितली आणि आम्ही पुन्हा खाऊ लागलो.

चांगुणाचं बिऱ्हाड संक्रांतीपर्यंत आमच्याकडेच होतं. सहादूला काम लागलं, आमच्याच गल्लीत त्यांना खोली मिळाली. मिश्रीचा वास मात्र त्या तळणाच्या दिवशीपुरताच आला.

आत्याबाईंचं एक नऊवारी लुगडं मी आठवण म्हणून ट्रंकेत ठेवलं होतं. त्या पहिल्या आंघोळीच्या दिवशी दुपारी मागच्या अंगणात गेले, तर ते दोरीवर वाळत होतं. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या टोकाला गाठ मारलेली, त्या मारायच्या तशी. अजून पाणी गळत होतं. मी घरात येऊन ट्रंक पाहिली. कुलूप होतं तसंच होतं, आणि किल्ली माझ्या कमरेला.