सॅन्टनच्या मेणबत्तीवरचा भुंगेरा

अठ्ठ्याहत्तर साली, नोव्हेंबर लागताना, मुंबईहून त्र्यंबक हळबे नावाचे एक साहेब राजोडीच्या अलीकडच्या गावात आले. देशातल्या सगळ्या किड्यांची सूची करायचं काम सरकारनं काढलं होतं, आणि वसईकडचे भुंगेरे या हळबेंच्या वाट्याला आले होते. टाचण्या, विषाची बाटली, बुचाच्या तळाच्या लाकडी पेट्या असा संसार घेऊन ते मटिल्डाबायच्या ओटीवर उतरले. मटिल्डाबाय विधवा. केळीच्या वाडीत एकटीच राहायची. पाहुण्याला नाही म्हणणं काही तिला जमत नसे.

हळबेंना मात्र गावातलं काहीच पसंत नव्हतं. बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, पाणी घाण, सुक्या बोंबलांचा वास घाण. माणसांकडे तर ते बघतच नसत. शेजारचा आग्नेल एकदा हसून म्हणाला, "साहेब, आमच्या केळीच्या खोडातले किडे पण न्या की! फुकट देतो."

"त्यांची नोंद झालीय," हळबे मान वर न करता म्हणाले. "अगदी तुमच्यासारखे आहेत ते. एक पाहिला की सगळे पाहिले."

त्यांना हवा होता तो अजून कुणीच न पाहिलेला भुंगेरा. नवा किडा सापडला की त्याला नाव देता येतं, आणि माणूस गेला तरी ते नाव पुस्तकात राहतं. स्वतःचंच नाव देणं त्या विद्येत हलकं समजतात म्हणे. पण हळबे पन्नाशी ओलांडलेले, मागे मूलबाळ नाही. त्यांनी नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, किडा तेवढा सापडायचा बाकी होता.

दोन तारखेला मृतांचा दिवस होता. दिवेलागणीला सगळं गाव चर्चमागच्या दफनभूमीत जमलं. धुपाचा वास, झेंडूची फुलं, प्रत्येक क्रुसापुढे एक मेणबत्ती. उजेडावर किडे येतात म्हणून हळबेही बाटली घेऊन गेले. मटिल्डाबाय नवऱ्याच्या, सॅन्टनच्या, थडग्याशी गुडघे टेकून बसली होती.

तेवढ्यात काहीच आवाज न करता एक भुंगेरा आला आणि तिच्या मेणबत्तीच्या बुडाशी बसला. ओल्या पाटीसारखा काळा, पाठीवर एक दुधी रेघ. हळबे बाटलीचं बूच काढत पुढे सरले. असा त्यांनी कुठल्याच पेटीत पाहिला नव्हता.

"साहेब, आज नको," मटिल्डाबाय हळूच म्हणाली. "आज मेणबत्तीवर जे येतं, त्याला आम्ही हात लावत नाय. आपलंच माणूस असतं ते... भेटायला येतं."

"का? तुमच्या नवऱ्याला सहा पाय होते?"

आग्नेल तटकन उठला. "तोंड सांभाळा, साहेब!"

पण भुंगेरा तोवर बाटलीत गेला होता.

ओटीवर कंदील लावून हळबे बसले. बाटलीतले बाकीचे किडे कधीच निपचित पडले होते. हा मात्र काचेवर खरडत गोल गोल फिरतच होता. वाट पाहण्याचा हळबेंना कंटाळा आला. त्यांनी तो तसाच टाचणीवर चढवला. त्याचे पाय सावकाश हलत राहिले. विषाचा कडू वास जाऊन ओटीभर ओल्या मातीचा आणि मेणाचा वास सुटला.

आत मटिल्डाबाय प्रार्थना करत होती. "माझ्या सॅन्टनला शांती दे..." तिचा आवाज भिंतीआडून येत होता.

हळबेंनी बोटभर चिठ्ठी घेतली आणि तिच्यावर नव्या भुंगेऱ्याचं, म्हणजे आपलंच, नाव लिहिलं. शेवटचं अक्षर झालं आणि पाय थांबले.

"माझ्या..." आत मटिल्डाबाय अडखळली. "माझ्या..."

मग आतून काहीच ऐकू आलं नाही.

हळबे कंदील घेऊन दाराशी गेले. समोरच्या भिंतीवर लग्नाचा फोटो होता. फोटोत नवरी एकटी उभी होती. तिचा हात कुणाच्या तरी दंडात अडकवल्यासारखा वाकलेला होता, आणि तिथे दंड नव्हता.

"बाय... या फोटोत सॅन्टन होता ना?"

"कोण सॅन्टन?" ती भांबावून म्हणाली. "मी लगीनच नाय केलं, साहेब."

"अडाणी बाई. रडून रडून डोकं फिरलंय," हळबे पुटपुटले आणि ओटीवर येऊन झोपले.

एकच किडा दाखवून जाणकारांचं समाधान होत नाही. त्याचा जोडीदारही लागतो. म्हणून पहाट फुटताच हळबे पुन्हा दफनभूमीत गेले. गवत दवानं भिजलं होतं. आजूबाजूच्या थडग्यांवर वितळलेल्या मेणात जळक्या पंखांचा खच पडला होता. सॅन्टनच्या थडग्यावर मात्र एक चिलटसुद्धा नव्हतं.

त्यांनी क्रुसाकडे पाहिलं. त्यावर नाव होतं, त्र्यंबक हळबे. चुन्याला जागोजागी पोपडे आले होते आणि अक्षरांच्या खाचांत शेवाळ होतं, कितीतरी पावसाळ्यांचं. हळबेंनी नखानं खरवडून पाहिलं. नख तुटलं.

मागे पाचोळा वाजला. मटिल्डाबाय फुलं घेऊन उभी होती.

"बाय, बरं झालं आलात! हे बघा, त्या आग्नेलनं थट्टा..."

परक्या माणसाकडे पाहावं तसं तिनं त्यांच्याकडे पाहिलं. तीन दिवस ज्यांना जेवू घातलं, त्यांच्याकडे.

"तुम्ही यांचे कोण?" तिनं विचारलं. "यांचं कोणी नाय, म्हणून इतकी वर्सं मीच फुलं ठेवते."

हळबेंनी आपलं नाव सांगायला तोंड उघडलं... आणि ते उघडंच राहिलं. ती बिचारी वाट बघत उभी होती. त्यांनी पुन्हा क्रुसाकडे पाहिलं. अक्षरं ओळखीची वाटत होती. पण ते नाव कुणाचं, ते काही केल्या आठवेना.