सतरा नंबरची खुर्ची

चहा पिऊन परत यायला मला बत्तीस मिनिटं लागली, आणि त्या दोन जादा मिनिटांत माझी खुर्ची गेली.

सदाशिव पेठेतली आमची अभ्यासिका सकाळी सहाला उघडायची. खुर्चीवर वही ठेवली की दिवसभर ती आपली. मात्र अर्ध्या तासाहून जास्त उठलात, तर हक्क संपला. मालक रंगनाथकाकांनी भिंतीवर लिहूनच ठेवलं होतं, ‘अर्ध्या तासानंतर वही ही फक्त वही असते.’ त्यात सतरा नंबर म्हणजे खिडकी, पंखा आणि चार्जिंगची सोय, तिन्ही एका जागी. तिथं एक चष्मेवाला मुलगा बसला होता. माझी वही त्यानं कडेला नीट ठेवली होती, वर पेनसुद्धा.

“उठा,” मी म्हणाले. “सहापासून माझी जागा आहे ही.”

त्यानं नुसतं भिंतीकडे बोट केलं.

“म्हणजे तुम्ही नियमानं बसलात.”

“हो. पण नुसती मागितली असतीत, तर उठलो असतो.”

“बरं, आता मागते.”

“आता कसं... आता तुम्ही भांडलात.”

आणि हसला. पुढं मला कळलं की तो हसला की चष्मा नाकावरून घसरतो आणि बोटानं वर सारताना तो समोरच्याकडे बघत नाही. ही माहिती परीक्षेच्या कामाची नव्हती. तरी पाठ झाली.

त्याचं नाव विश्वजीत. लोणी काळभोरहून पहिल्या बसनं यायचा, दप्तरात घरच्या ओल्या शेंगा घेऊन. मी वाशीमची, स्पर्धा परीक्षेच्या दुसऱ्या प्रयत्नातली. आमच्या राज्यशास्त्रात एक जुना वाद होता. राज्य नसतं, पोलीस नसते, तर माणसं कशी वागली असती? काही विचारवंत म्हणतात, एकमेकांच्या उरावर बसली असती. काही म्हणतात, सुखानं राहिली असती, भांडण आलं ते कुंपणाबरोबर. मी पहिल्या बाजूची. माझ्याकडे पुरावा होता. वहीच्या मागच्या पानावर मी अभ्यासिकेतली भांडणं मांडून ठेवायची.

“हे बघ, एका महिन्यात तीस,” टपरीवर मी त्याला दाखवलं. “पंख्यावरून अकरा, चार्जिंगवरून नऊ, खिडकीवरून सहा. कारण नसताना चार.”

“आणि न झालेली किती?”

“ती कशी मोजणार बाप्पा?”

“काल तुला शिंका येत होत्या. तुझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या इंद्रजीतनं न सांगता पंखा बंद केला. ते कुठं लिहिलंस?” त्यानं एक शेंग सोलून दाणे माझ्या तळहातावर ठेवले. “माणूस भितो, म्हणून ओढतो. आमच्यात बांधावरून चुलत्यांशी बारा वर्षं बोलणं नाही. बांध नव्हता तेव्हा सगळे एका ताटात जेवायचे.”

“मग बांध घातला काहून? कुणीतरी आधी ओढलंच असेल ना?”

तो चहावर फुंकर घालत राहिला. चहा केव्हाच गार झाला होता.

“पैज लावू,” शेवटी म्हणाला. “तू काही दिवस खुर्ची तशीच सोड. वही नको, रुमाल नको. कुणी बसलं तर मी हरलो.”

“हरेल त्यानं काय करायचं?”

“बोलायचं.”

“काय?”

“जे... दोघांनाही माहीत आहे ते.”

मी वही मिटली. कान तापले होते. उन्हानं असतील.

माझ्याकडे फार दिवस नव्हते. बाबांनी बजावलं होतं, हा शेवटचा प्रयत्न, मे महिन्यात पूर्व परीक्षा झाली की परत यायचं. न बोलता परीक्षा झाली असती, तर पुण्यातलं सगळंच न बोललेलं राहिलं असतं. आणि आधी बोलायची आम्हा दोघांचीही छाती नव्हती.

एप्रिलमध्ये मला तापानं धरलं. नऊ दिवस मी खोलीवर पडून. पहिल्याच दिवशी विश्वजीत दारापर्यंत शहाळं घेऊन आला, तेव्हा मी त्याच्या हातात वही दिली. “पैज सुरू. भांडणं लिही. खरी.”

दहाव्या दिवशी मी मुद्दाम उशिरा, आठला गेले. सगळी अभ्यासिका भरलेली आणि सतरा नंबर मोकळी. मी बसले, तशी विश्वजीतनं माझी वही पुढे सरकवली. मागचं पान उघडलं. नऊ तारखा, नऊ शून्यं.

म्हणजे मी हरले होते. आणि हरल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. माणूस चांगला असतो, हे मान्य करून मी मनात वाक्य जुळवायला घेतलं. तेवढ्यात भिंतीकडे लक्ष गेलं. रंगनाथकाकांच्या अक्षरात नवी पाटी होती.

‘खुर्ची क्र. १७ वरून हुज्जत घालणाऱ्यांनी चष्मा आधी काढून ठेवावा. नुकसानीस अभ्यासिका जबाबदार नाही.’

मी विश्वजीतकडे पाहिलं. त्याच्या चष्म्याच्या काडीला पांढरी चिकटपट्टी होती. पलीकडे बोटाला बँडेज बांधलेला इंद्रजीत नकाशात फारच गढून गेला होता.

विश्वजीतला मी जिन्यात गाठलं. बाहेर वळवाचे मोठे, तुरळक थेंब पत्र्यावर वाजायला लागले होते.

“किती?”

“काय किती?”

“भांडणं.”

“सात,” तो चष्मा पुसत म्हणाला. “त्यातली चार इंद्रजीतशी. बाकी किरकोळ.”

“आणि वहीत शून्य लिहिलंस? खोटी नोंद?”

“ती मी धरली नाहीत. मी काही स्वभावानं नाही भांडलो.”

“मग कशानं?”

तो काच पुसून झाली तरी पुसतच होता.

“माणूस चांगला असतो हे दाखवायला तू नऊ दिवस मारामारी केलीस, विश्वजीत. हरलास तू.”

“हरलो.”

“मग बोल.”

“परीक्षा झाली की तू वाशीमला जा... मीही येतो. तुझ्या बाबांकडे तुला मागायला.” चष्मा डोळ्यांवर नव्हता, त्यामुळं पहिल्यांदाच तो नजर न हलवता बघत होता. “मागितलं की माणूस देतो, असं मी सगळ्यांना सांगत आलो. आज पहिल्यांदा भीती वाटतेय.”

“बाबांकडे मागशील,” मी म्हणाले, “आधी माझ्याकडे तर मागून बघ.”

त्याला नऊ वर्षं झाली. परीक्षा आम्ही दोघंही पास झालो नाही. अभ्यासिकेच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मी लोणीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते आणि माणूस मुळात कसा, या प्रश्नावर अभ्यासक्रमाप्रमाणे दोन्ही बाजू सांगते. विश्वजीत शेती बघतो. चुलते आमच्या लग्नाला आले होते, बांध मात्र तिथंच आहे.

घरात खिडकीशी एकच खुर्ची आहे. काल कणीक मळून परत आले तर तो तिच्यावर बसलेला. माझं पुस्तक कडेला नीट ठेवलेलं, वर पेन.

“अर्धा तास झाला,” तो पेपरमागून म्हणाला.

भांडण जिभेवर आलं होतं.

“मला बसायचंय,” मी म्हणाले. “उठतोस?”

तो उठला. चष्मा घसरला, तो बोटानं वर सारत म्हणाला, “हे कुठं लिहिणार?”

ती जुनी वही माझ्याकडे अजून आहे. नऊ शून्यांखाली जागाही बरीच आहे.